तळाशी लाल ठिपका

कडधान्यांत आणि त्यांच्या प्रोटीन पावडरीत निसर्गानंच घालून ठेवलेलं विष मोजायचं, हे आमच्या वारज्याच्या लॅबचं काम. रिपोर्ट गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र आमच्याकडेच साठतात!

आमचे साहेब देवधर सर. एकदा एक बाई तावातावानं आल्या. "अहो, आमची पावडर हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे!"

सर म्हणाले, "धोत्राही नॅचरलच असतो." बाईंनी तपासणीचा फॉर्म भरायला घेतला.

मशीन तपासायला बुरशीच्या विषाचा लवलेश नसलेले शेंगदाणे लागतात. आमच्या मंजिरीनं अर्धं मार्केट पालथं घालून ते शोधले आणि आनंदाच्या भरात पिशवी घरी घेऊन गेली. सकाळपर्यंत सासूबाईंनी चटणी कुटली होती! मंजिरी रडकुंडीला आली. सर म्हणाले, "डब्यात आणलीय का? पुण्यात याहून सुरक्षित चटणी मिळायची नाही."

मी स्वतः कुणाकडे जेवायला गेलो की उसळ बघून विचारतो, "कुकरच्या शिट्ट्या किती?" हल्ली फारसं कुणी बोलावत नाही.

आणि तो खराडीचा अमेय! आयटीतली नोकरी सोडून राजम्याची पावडर करायला निघालेला. वडिलांचं एकच म्हणणं, "लोकांना विष पाजशील!"

कच्च्या राजम्यातलं विष रक्ताच्या पेशी एकमेकींना चिकटवतं. म्हणून प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत पावडरीचा अर्क आणि रक्त घालतो. विष असलं तर रक्त तळाला पसरतं, नसलं तर मधोमध लाल ठिपका बसतो. अमेयनं राजमा नुसता भाजून दळला होता. फेल!

"फुटाणे आहेत का हे?" सर कडाडले. "भिजवा, खळखळून उकळा, मग वाळवून दळा!"

महिन्याभरानं तो पुन्हा आला. आम्ही सगळे प्लेटवर ओणवे.

"ठिपका!" मंजिरी ओरडली. "अहो, इथंही! सगळीकडे ठिपके!" मी चक्क शिट्टी मारली.

अमेयनं लगेच फोन लावला. "बाबा, पास झालो!" मग त्याचा चेहरा उतरला. "सर, बाबा विचारतायत... तुमचे सर स्वतः पितील का?"

सरांनी आजवर गिऱ्हाइकाचा पदार्थ कधीच तोंडाला लावला नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'येथे खाण्यापिण्यास सक्त मनाई.'

मग पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि दार उघडलं.

"पावडर घेऊन बाहेर चला. फोन स्पीकरवर टाका."