ब्रश माझ्या खिशात होते

बंद पडलेल्या गाडीवरून लिंबू उतरवणारे लोक मी पुष्कळ पाहिले. त्यांना कधी हसलो नाही. जरा बाजूला व्हा म्हणायचो, आणि बॅटरीतलं अ‍ॅसिड तपासायची काचेची नळी काढायचो. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही, आणि आता ऐंशी उलटल्यावर मानायला लागलोय असंही नाही. पण माझी नात या संकेतस्थळावर लोकांनी लिहिलेले अनुभव मला वाचून दाखवते. काल तिला म्हटलं, माझाही एक लिहून घे. मी बोलतोय, ती टाईप करतेय.

महाडला बाजारपेठेच्या टोकाला माझं बॅटरी आणि डायनॅमो दुरुस्तीचं दुकान होतं. ही साठ सालानंतरची, अगदी सुरुवातीची वर्षं. मोठेपणा म्हणून सांगत नाही – किंवा मोठेपणाच म्हणा, मला चालेल – पण दासगावपासून पोलादपूरपर्यंत कुणाच्याही गाडीचं चार्जिंग बिघडलं की माझ्याकडे निरोप यायचा. बाकीचे थेट नवी बॅटरी घ्यायला लावत. मी आधी बघायचो, की बॅटरी खरंच गेलीय की तिला भरणारा डायनॅमोच काम करत नाहीये. माझं निदान सहसा चुकायचं नाही.

तसाच एक निरोप अब्बासभाईंचा आला. अब्बासभाई महाडचेच, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. जुनी विलायती पेट्रोल गाडी टॅक्सी म्हणून चालवायचे. ती पोलादपूरला रस्त्याच्या कडेला अडून बसली होती. थंडीचे दिवस, भात झोडून झालेलं. सकाळच्या एसटीनं मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

बॅटरी तपासली. नळीतली गोळी तळाशीच बसून राहिली, म्हणजे चार्ज अजिबात नाही. छोटा बल्ब लावला तर त्याची तार लालसुद्धा होईना. मग डायनॅमो. त्याच्या आत कार्बनचे दोन ब्रश असतात, फिरत्या भागाला घासून तेच वीज बाहेर आणतात. ते झिजून नखाएवढे उरलेले, स्प्रिंग त्यांच्यापर्यंत पोचतही नव्हती. म्हणजे डायनॅमो बॅटरीला भरत नव्हता, आणि बॅटरी उपाशी राहून मेली होती. काम करण्याआधी मी बॅटरीची एक केबल काढून, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळून बाजूला बांधून ठेवली होती. झिजलेले ब्रश काढून रुमालात घेतले आणि खिशात टाकले, महाडला मापाचे बघायला.

"अब्बासभाई, बॅटरी गेली आणि डायनॅमोही बंद. ठिणगीच पडणार नाही. मी महाडहून बॅटरी आणि ब्रश घेऊन येतो, तोवर हिला हलवू नका."

ते मान हलवत होते, तेवढ्यात डोंगरातल्या वाडीवरून डोली आली. सात-आठ माणसं घामानं निथळत होती. डोलीत चांगुणा नावाची बाई होती, पहिलटकरीण. मूल आडवं आलं होतं. सुईणीनं हात टेकले होते आणि महाडच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं होतं. एसटी थेट संध्याकाळी. ट्रक एकही दिसत नव्हता... त्या काळी रस्त्यावर गाड्या अशा किती असायच्या?

चांगुणाची सासू अब्बासभाईंसमोर उभी राहिली. "भाई, गाडी हाय ना तुमची?"

"हाय, पन बंद हाय."

मी तिला समजावलं, की ही गाडी चालूच होणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. डोलीवाल्यांतला एक जण पुढे झाला. "चाकं फिरतात ना? मग आमी ढकलतो. महाडपर्यंत ढकलतो."

ते गमतीनं म्हणत नव्हते. खांद्यावर सोललेली कातडी घेऊन ती माणसं गाडीच्या मागे जाऊन उभीसुद्धा राहिली. आपल्या भागातल्या माणसांचा मला अभिमान वाटतो तो उगीच नाही.

अब्बासभाईंनी मागचं दार उघडलं. "बसव गो सुनेला. उतार हाय तितकं तरी लवकर जाऊ, पुढचं पुढं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दत्ता, तू बोललास ते बरोबर असंल. पन हात लाव रे."

मी बॉनेट बंद केलं आणि मागून हात लावला. गाडी उताराला लागली, वेग आला. आणि अब्बासभाईंनी सवयीनं गिअर टाकला असावा... इंजिन चालू झालं. एकदाही न ठसकता. मी पळत जाऊन पुढच्या फुटबोर्डवर चढलो आणि आत बसलो. मागे माणसं ओरडत होती, हात उंचावत होती.

खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंदाबरोबर अपमानही वाटला. मी नाही म्हटलेली गाडी चालली होती. म्हणजे कुठेतरी माझं चुकलंच. डॅशबोर्डवर चार्जिंगचा काटा असतो, त्याच्याकडे बघितलं. तो चार्जच्या बाजूला होता. हलत नव्हता, थरथरत नव्हता. चांगल्या नव्या डायनॅमोवर दिसतो तसा. मी काचेवर टिचकी मारली, तरी तिथेच.

मागे सासू सुनेला सारखं बोलतं ठेवत होती. "डोलं मिटू नको गो. ती बघ सावित्री. बघ किती पानी हाय."

बिरवाडीचा फाटा गेला. दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली, बाईला आत नेलं, आणि इंजिन आपणहून बंद पडलं. किल्लीला कुणाचा हात लागला नव्हता.

मी उतरून बॉनेट उघडलं. माझी चूक मला शोधायची होती.

बॅटरीची केबल सुटलेलीच होती. मी बांधली तशीच, चिंधीची गाठही माझीच. खिशातला रुमाल काढला. दोन्ही ब्रश त्यात होते.

अब्बासभाई शेजारी येऊन उभे राहिले. मी केबल दाखवली, ब्रश दाखवले.

"म्हंजे तुझं बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग?"

मी पुढून हँडल मारून पाहिलं, प्लगला ठिणगी नाही. चार जणांनी ढकलून पाहिलं, इंजिननं हूं की चूं केलं नाही. शेवटी ढकलतच दुकानात नेली. नवे ब्रश, दुसरी बॅटरी, आणि पुढे ती कितीतरी वर्षं चालली, सगळ्या गाड्यांसारखी.

इथले जाणकार विचारतील, मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र, असेल का? नव्हता, बॅटरीवर चालणारी कॉइल होती. इंजिन तापून आपणच पेटत असेल? गाडी आदल्या दिवसापासून थंड पडलेली. इंजिनिअरिंग शिकवणारे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांच्याबरोबर बसून कागदावर सगळी जोडणी काढून बघितली. आम्ही दोघंही हरलो. वाडीवरच्यांनी देवीला नारळ दिला, अब्बासभाईंच्या घरून दर्ग्यावर चादर गेली. मी कुठेच गेलो नाही.

बाई वाचली. मुलगी झाली. उन्हाळ्यात चांगुणा तिला घेऊन बाजाराला आली तेव्हा गाडी बघायला म्हणून माझ्या दुकानात आली. अब्बासभाई तिथेच होते. त्यांनी मागचं दार उघडून तिला बसवलं. बाळाला मांडीवर घेऊन ती सीटवरून हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "दादा, त्या दिवशी गाडी खरंच बंद होती?"

"खरंच बंद होती."

"मग आमी आलो कशी?"

अब्बासभाई माझ्याकडे बघत होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. बिघाड सांगता आला नाही असं माझ्या धंद्यात मला कधी कबूल करावं लागलं नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ते मला माहीत नाही, बाई." आणि हे सांगताना मान खाली घालावीशी वाटली नाही. आजही वाटत नाही. त्या गाडीत पुढच्या सीटवर मी होतो.