आत्याबाईंना न लागलेली गाडी

चारचाकी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात मी, दुसऱ्यात आमचे हे. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कुठल्याच पक्षात नव्हत्या, कारण कोणतीही गाडी आली तरी त्या तिच्यात बसणार नव्हत्याच.

आमचं गाव जलंबजवळ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बदली होऊन शाळा खामगावच्या पलीकडे गेली आणि माझं निम्मं आयुष्य एसटीची वाट पाहण्यात जाऊ लागलं. मला हवी होती हायब्रिड. पेट्रोलही आहे, बॅटरीही आहे, एकीनं दगा दिला तर दुसरी सांभाळून घेईल असा माझा साधा हिशेब. शोरूममधल्या मुलानं फार गोड बोलून किंमत सांगितली आणि मी पर्स छातीशी धरून बाहेर आले. आमच्या ह्यांचा जीव मात्र पूर्ण विजेवरच्या गाडीवर. त्यांच्या पुण्याच्या चुलतभावाला मोठी गाडी घ्यायची होती, म्हणून तो वापरलेली छोटी इलेक्ट्रिक गाडी घरच्या भावात द्यायला तयार झाला.

"ज्या गावात मी मिक्सरसुद्धा लाइन आहे का बघून लावते, तिथे विजेवरची गाडी?" मी म्हणाले. "आणि ती म्हातारी बॅटरी! नागपूरला तरी पोचेल का?"

"तुले नागपूरले बोलावलं कोण?" हे म्हणाले.

नागपूरला मला खरंच कोणी बोलावलं नव्हतं. खामगावला रोज जायचं होतं, आणि तेवढं तर ती गाडी हसत करणार होती, तेही पेट्रोल पंपाचं तोंड न बघता. मी आठवडाभर भांडी आपटली आणि मग हो म्हणाले.

गाडी उभी करायची कुठे, तर गोठ्यात. गोठा रिकामाच होता. बीटी कपाशी आली तेव्हा आता बोंडअळीची कटकट कायमची गेली असं सगळ्यांनी धरलं होतं. पुढे ती गुलाबी अळी बीटीच्याच बोंडांत घर करून बसली. एका वर्षी तर आम्ही उभी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकली. बोंड फोडावं तर आत कापूस कमी आणि अळी जास्त. त्या वर्षी बैलजोडी विकली, आणि तेव्हापासून शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर. बैल गेले, मागे राहिली दमणी, म्हणजे माणसांना नेणारी आमची हलकी बैलगाडी. तिच्यात कोंबड्या बसायच्या.

बैल गेल्याचं दुःख घरात सगळ्यांना झालं, पण पाय तुटले ते आत्याबाईंचे. त्यांना गाडी लागते. लागते म्हणजे साधीसुधी नाही. डिझेलचा वास आला की पुरे, गाडी हलायचीही गरज नाही. लिंबू झालं, ओवा झाला, गोळ्या झाल्या, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. एसटी स्टँडच्या फाटकातच त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. दमणीत मात्र त्या राणीसारख्या बसायच्या. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची थोरली बहीण दिली आहे, आमची मावशी. दरवर्षी कापूस वेचून झाला की आत्याबाई पहाटे दमणीत बसायच्या, पूर्णेच्या काठी बैलांना पाणी दाखवायच्या आणि दिवस मावळता बहिणीच्या अंगणात उतरायच्या. बैल विकले आणि ते सगळं थांबलं.

मग मावशीचे यजमान गेले. निरोप आल्याबरोबर जीप बोलावली. आत्याबाई डोळे मिटून, तोंडात पदर कोंबून बसल्या. शेगाव ओलांडेपर्यंत त्यांची अशी अवस्था झाली की जीपवाल्यानंच गाडी थांबवली आणि आमच्या ह्यांनी त्यांना तसंच परत आणलं. त्यानंतर मावशी फोनवर बोलायच्या, पण मोजकं. "बरी हायेस ना? ठेवू?" एवढंच. आत्याबाई फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मला त्या वेळी त्यांचा फार कळवळा यायचा, आणि काही करता येत नाही याचा राग यायचा तो मी ह्यांच्यावर काढायची.

तर गाडी गोठ्यात आली. तिला आत्याबाईंनी ओवाळलं, टायरखाली लिंबू ठेवलं आणि हात जोडून लांब झाल्या. पण थंडीत सकाळचं ऊन गोठ्याच्या तोंडाशी चांगलं यायचं. काच बंद असली की आत छान ऊब धरायची. एका सकाळी बघते तर आत्याबाई मागच्या सीटवर पाय वर घेऊन तुरी निवडतायत.

"आत्याबाई, तुम्ही गाडीत?"

"उभ्या गाडीले काय होते? वास त येऊनच नाई राह्यला."

आमचे हे ते ऐकून समोर जाऊन बसले. मला डोळा मारला. मी घाईनं पलीकडच्या बाजूनं चढले, कारण काही विपरीत झालंच तर धरायला कोणी हवं. ह्यांनी बटण दाबलं. ना आवाज, ना थरथर. गाडी गोठ्यातून निघाली, अंगणातून वळली, मारुतीच्या पाराला वळसा घालून रस्त्याला लागली. आत्याबाईंची मान सुपात. तुरीतला एकेक खडा निवडून खिडकीच्या कडेला ठेवत होत्या. बरंच पुढे गेल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "समोर जाऊन बसला त चालू करून दाखव ना बे. नुसता काऊन बसून राह्यला?"

"माय, बाहेर पाह्य."

त्यांनी वर पाहिलं. बाहेर ग्रामपंचायतीची टाकी मागे चालली होती. त्यांचे हात थांबले. मी पिशवी पुढे केली. त्यांनी पिशवी बाजूला सारली, एक लांब श्वास घेतला, नाकानं हवा चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "बाईकडे कधी जाऊन राह्यलो आपण?"

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मला हुंदका आला. मी वर्गात मुलांपुढे कधी रडत नाही, पण तिथे रडले.

आमच्या ह्यांना लगेच चिंता लागली ती अंतराची. बॅटरी भरून निघालो तर जाणं होईल, पण परतीला तिकडे चार्ज करावं लागेल आणि वाटेत तशी सोय असल्याचं काही ऐकिवात नव्हतं. हे मोबाइलवर नकाशा पसरून बसले. आत्याबाईंना या काळजीचं मोठं नवल वाटलं.

"त्यात काय एवढं? बैल बी परतीले तिकडचाच कडबा खाऊन निंघत. जितकी वाट झेपते तितकी चालावं, पाहुण्याच्या घरी चारावं. तुम्ही काय नवीन सांगून राह्यले मले?"

खरं तर आमच्या पिढीनं हे विसरूनच गाड्या घेतल्या. पंपावर टाकी भरली की माणूस कुणाच्या दारात थांबायला नको.

संक्रांत झाली, शेवटची वेचणी झाली आणि आम्ही निघालो. सुरुवातीला गाडी ह्यांच्या हातात. या गाडीचं असं आहे की पाय उचलला की ती आपोआप मंद होऊन थांबते, ब्रेक लावावा लागत नाही. ह्यांना त्याचं भारी कौतुक. पाय दाब, पाय उचल, दाब, उचल, आणि प्रत्येक वेळी "पाह्य, ब्रेक न लावता थांबते!" मागे आत्याबाई गप्प होत गेल्या. शेगावच्या पुढे आल्यावर मी मागे वळून पाहिलं तर चेहऱ्याचा रंग उतरलेला. जीप परत फिरली होती तेच हे ठिकाण.

"थांबवा," मी ओरडले. "उतरा आधी खाली!"

ह्यांना उतरवून मी चाक हातात घेतलं. काचा खाली केल्या. पाय असा ठेवला की गाडीला आपण चालतोय हे कळू नये. हरभऱ्याच्या शेतावरून गार वारा आत आला. पूर्णेचा पूल आला तेव्हा मागून आवाज आला, "पाणी लय कमी झालं हो नदीचं." मी मोठ्यानं हसले. आता काही होत नाही.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. आत्याबाई गाडीतून उतरल्या तरी त्या उठल्या नाहीत. बहिणीकडे पाहिलं आणि आपल्या मुलाला म्हणाल्या, "आधी त्यायच्या गाडीचं पाह्य."

ही त्या घरची रीत. पाहुण्याचे बैल सोडून त्यांच्यापुढे चारा पडल्याशिवाय पाहुण्यांची पानं वाढायची नाहीत. बैल नव्हते म्हणून रीत मोडायची नाही. मावशीच्या मुलानं घरातून जाड वायर आणली, आमच्या चार्जरला जोडली. चार्जरवर लाल दिवा. पुन्हा जोडली. लाल. स्वयंपाकघरातल्या पॉइंटवर लावून पाहिली. लाल. गल्ली जमली. कुणी म्हणालं दाब कमी आहे, कुणी म्हणालं पुण्याची गाडी आहे, तिला इकडची वीज रुचत नसेल. आतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता, मला सपाटून भूक लागली होती आणि पानं काही पडत नव्हती.

"मावशी, आम्ही जेवतो, ती बसेल लाल दिवा दाखवत," मी म्हणाले.

"जनावर उपाशी अन् पाहुणे जेवतेत? या घरात?" मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेतल्या पोरासारखी गप्प झाले.

तेवढ्यात आमच्या ह्यांना आठवलं. घरी पहिल्या दिवशी असंच झालं होतं. अर्थिंग नीट नसेल तर ही गाडी वीज घेतच नाही. मीटरजवळ जमिनीत पुरलेली अर्थिंगची सळई शोधली. आजूबाजूची माती कोरडी ठक्क. हे म्हणाले, मीठ आणा, पाणी आणा. गल्लीतल्या बायकांनी बादल्या धरल्या. मावशी ओट्यावरून उतरल्या, हंड्यातून कळशी भरून घेतली. दुसऱ्या बाजूनं आत्याबाई त्यांची बादली घेऊन आल्या. दोघी एकाच खड्ड्यावर वाकून पाणी ओतू लागल्या, एकमेकींकडे न बघता.

दिवा हिरवा झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मावशी कळशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते गेले तवा काऊन नाई आली वं?"

आत्याबाई खड्ड्याकडे बघतच बोलल्या.

"निंघाली होती, बाई. शेगावपासून वापस नेलं मले. मले शुद्ध नव्हती."

"सांगितलं तुह्या पोरानं तवाच." मावशींचा आवाज चिरकला. "मले का समजत नाई? मले बी लागते ना गाडी. मी बी कुठीसा नाई गेली. पण राग येते माणसाले. कोणाचा राग करू मंग? तुहाच केला."

आत्याबाईंनी बादली खाली ठेवली. मग त्या दोघी जे रडल्या ते रडल्या. आम्ही जेवलो तेव्हा भाजी गार झाली होती, आणि मी तीनदा वाढून घेतली.

सकाळी गाडीची बॅटरी भरलेली होती. निघायची तयारी करतेय तर आत्याबाई मावशींना हाताला धरून घेऊन आल्या. "बस. वास नाई येत. माझ्या सुनेले चालवू दे फक्त." मावशींनी पदरात लिंबू बांधलं होतं. कुठे जायचं विचारलं तर दोघी एकदम म्हणाल्या, माहेरी. त्यांचं माहेर तिथून जवळच, डोंगराच्या अगदी कुशीत, भाचा राहतो तिथे. जवळ असूनही मावशी कितीतरी वर्षांत गेल्या नव्हत्या.

मागच्या सीटवर एका खिडकीकडे टोपल्या आणि पिशव्या रचलेल्या. उरली एकच खिडकी. मावशी तिच्याकडे सरकल्या तर आत्याबाईंनी दंड धरला.

"खिडकीपाशी मी बसीन."

"मी मोठी हाओ."

"लग्नाच्या आधी माहेरच्या दमणीत बी कडेले तूच बसे. दर वक्ताले तूच."

लग्नाच्या आधी. मला तेव्हा कुठे लक्षात आलं. लग्नं झाली आणि या दोघी माहेरी यायच्या त्या आपापल्या सासरच्या गाडीनं, वेगवेगळ्या वाटांनी. एका गाडीत शेजारी बसून त्या मुली असतानाच गेल्या होत्या, त्यानंतर आज.

वर्गात अशी भांडणं मी दोन मिनिटांत मिटवते. इथे मी मिटवलं नाही. आमचे हे मागे वळून काही बोलणार होते, त्यांना मी चिमटा काढला. दोघी एकमेकींना कोपरानं ढकलत, अर्धी-अर्धी खिडकी वाटून घेत भांडत राहिल्या, आणि मी गाडी इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं.