थोआबाई गप्प बसल्या ती रात्र

थोआबाईंच्या दुकानाला पाटी नव्हती. खरं तर दुकानही नव्हतं. हनोईच्या जुन्या बाजारामागच्या बोळात, रात्री शटर ओढलेल्या चपलांच्या दुकानापुढे फोचं, म्हणजे शेवया घालून खायच्या रश्श्याचं, एक भलंमोठं पातेलं, एक दिवा, आणि बसल्यावर गुडघे कानाला लागतील अशी बुटकी प्लास्टिकची स्टुलं. एवढाच पसारा. कोणी नवखा मध्यरात्री "अस्सल कोंबडीचा फो कुठे मिळेल हो?" असं विचारत आला, की नाक्यावर मोटारसायकल लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले तुआतकाका सांगत, "सरळ आत जा. कोणी तुझी अक्कल काढली की तिथेच बस."

थोआबाईंचा रस्सा जितका नितळ, तितकी जीभ तिखट. घाई करणाऱ्याला त्या विचारत, "एवढाही दम नाही? बायको कशी राहिली रे तुझ्यापाशी?" वाडग्याचा फोटो काढणाऱ्या पोरीला म्हणत, "त्याला कसली पोज देतेस? शेवयांचा लगदा झाला की माझ्याच नावाने रडशील!" बँकेचे साहेब, रात्रपाळीच्या नर्सबाई, सगळे मान खाली घालून ऐकत, वाडगा चाटूनपुसून संपवत आणि पुन्हा येत. नियम एकच होता. पहिला घोट नुसत्या रश्श्याचा. त्याआधी लिंबामिरचीला हात लावला, तर खापरपणजोबापर्यंत उद्धार.

पण आज मुलीने, न्हुंगने, त्यांना शपथ घातली होती. तिचं ज्याच्याशी जमलं होतं तो किएन आज आईला घेऊन येणार होता. बाई ह्वे शहरच्या.

"आई, ह्वेची माणसं किती मऊ बोलतात, ठाऊक आहे ना? त्यांना पसंत पडलं तरच मागणीची सुपारी घेऊन येतील. आज एक शब्द जरी वाकडा गेला ना, तर माझं लग्न मोडलंच समज."

"मी कधी वाकडं बोलते गं? सरळ तोंडावर बोलते."

"तेच नको!"

झालं. बोळात शांतता पसरली. थोड्या वेळाने तुआतकाका धापा टाकत आले. "अगं, मी पाठवलेली तीन गिऱ्हाइकं परत फिरली. म्हणतात, आत कोणी ओरडतच नाही, दुकान बंद दिसतंय!"

"बसा ना आपण," थोआबाई म्हणाल्या.

ते 'आपण' ऐकून नर्सबाईंच्या हातातल्या जेवायच्या काड्या गळून पडल्या. त्यांनी उठून आधी थोआबाईंची नाडी बघितली. "छातीत दुखतंय का हो?"

तेवढ्यात किएन आईला घेऊन आला. जांभळ्या झग्यातली चिमणीएवढी बाई. नमस्कारसुद्धा इतक्या हळू केला, की पातेल्यातल्या उकळीत बुडून गेला. थोआबाईंनी मांडीचं मऊ मांस घातलं, वर कांद्याची पात भुरभुरली, वाडगा दोन्ही हातांनी पुढे ठेवला आणि लिंबू चिरायला वळल्या.

परत वळून बघतात तो काय! बाईंनी मिरचीच्या बरणीत चमचा घातलेला. एक चमचा. थोआबाईंनी ओठ आवळले. दुसरा चमचा. त्यांनी पळी उचलून पातेल्यात गरागरा फिरवली. न्हुंगने आईच्या पायावर पाय दिला. तिसरा चमचा पडला आणि रस्सा शेंदरी झाला.

"अहो बाई!" बोळ दणाणला. "संध्याकाळपासून कोंबड्या उकळत बसले, ती काय तुमच्या मिरचीला आंघोळ घालायला? आधी चव तरी घ्यायची! का जीभ ह्वेलाच खुंटीला टांगून आलात?"

"सापडलं! इकडे आहे रे, इकडे!" नाक्यावरून कोणीतरी आनंदाने ओरडलं.

न्हुंगने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. किएन स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. त्याच्या आईने चमचा अलगद खाली ठेवला आणि मधात बुडवून काढल्यासारख्या आवाजात म्हणाली,

"ताई, तुम्ही लिंबू चिरत होतात ना, तेव्हाच घेतली हो चव. म्हणूनच तर मिरची घातली."

तुआतकाकांना ठसका लागला. आजवर या स्टुलांवर बसून थोआबाईंना कोणी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलं ते असं गोड गोड! आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग त्या पळीसकट अशा हसत सुटल्या, की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"ही बाई तर माणूस सोलून हातात देते, आणि वर त्याला थंडी वाजत नाही ना म्हणून विचारते!"

किएन न्हुंगच्या कानाशी पुटपुटला, "आईने झाडलंय हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं."

थोआबाईंनी डोळे पुसले आणि वाडग्याला हात घातला. "आणा तो इकडे. पोट जळेल. दुसरा देते."

बाईंनी वाडगा आपल्याकडे ओढून घेतला. "राहू द्या हो, विहीणबाई. आत्ता कुठे खाण्यासारखा झालाय."

न्हुंगने तोंडावरचे हात खाली घेतले. विहीणबाई! थोआबाईंनाही तो शब्द ऐकू गेला होता. त्यांनी घाईघाईने एप्रनचं टोक ओढून नाक पुसलं, आणि वाट सापडून आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकांकडे मोर्चा वळवला.

"काय रे, एवढा मोठा दिवा दिसला नाही? डोळे घरी विसरलात? बसा आता! आणि त्या बाईंची मिरची बघून कोणी शेफारायचं नाही, सांगून ठेवते. त्या घरच्या आहेत!"