चिठ्ठी वाचणारं पाकीट

जादूगाराकडे जादू कमी आणि किस्से जास्त असतात. जादू शिकावी लागते, आरशासमोर महिनोन्‌महिने घासावी लागते. किस्से आपसूक जमतात. माझं अर्जुनी मोरगावला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे आधार, सातबारे, दाखले. आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या गॅदरिंगला, नाहीतर दिवाळीनंतर गावोगाव जी मंडईची जत्रा भरते तिथं, मनातलं ओळखायचे प्रयोग. चार मित्र बसले की ते म्हणतात, दुकानातलं नको, पाकिटाचं सांग.

तर हे पाकीट. दिसायला साधं, काळं, चामड्याचं. समोरच्या माणसानं चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, स्वतःच्या हातानं ती पाकिटात सारायची, पाकीट मी खिशात ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत नाव सांगायचं. मधल्या एका क्षणात पाकीट मला चिठ्ठी दाखवतं. कसं, ते विचारू नका.

ही विद्या मला मेश्राम गुरुजींनी दिली. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर आहेत. पाकीट हातात देताना त्यांनी माझ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. पाकीट उघडून कुणाला दाखवायचं नाही. आणि आपल्याला जे माहीत नाही, ते माहीत असल्यासारखं सांगायचं नाही. पहिली गोष्ट खेळासाठी, दुसरी माणसांसाठी. मला कायम दुसरीचीच भीती वाटत आली. कधीतरी कुणीतरी माझ्याकडे असं काही मागायला येणार, जे या पाकिटात नाही, आणि तेव्हा मी काय करणार, हे मला कळत नव्हतं.

*

पाकिटाची शिवण एका कडेनं उसवली म्हणून मी ते बसस्टँडजवळच्या शालिककडे टाकलं. शालिक चपला शिवतो, बॅगांच्या चेन बसवतो. संध्याकाळी पाकीट घेतलं, बाहेरून शिवण बघितली, झकास होती, आणि दुसऱ्या दिवशी तसाच मंडईत उभा राहिलो.

एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. चिठ्ठी लिहिली, पाकिटात सारली. मी पाकीट खिशाकडे नेता नेता नजर टाकली, तर समोर नुसतं चामडं. चिठ्ठी कुठंच दिसेना! दोनशे माणसं बघताहेत आणि माझ्याकडे सांगायला नावच नाही.

शेवटी मी त्या गृहस्थांना म्हणालो, "तुमच्या मनात एक नाव टिकूनच नाही राहिलं. एकावर एक दुसरंच येऊन राहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "दोन पोरींचे लग्न आहेत जी, एकाच महिन्यात."

अशी टाळी मला बरोबर नाव सांगूनही कधी मिळाली नव्हती. लोक अर्धी जादू स्वतःच करून घेतात, हे मी त्या दिवशी शिकलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच शालिककडे गेलो. तो मलाच कौतुकानं सांगायला लागला, "आतमंदी एक मोठी फट होती जी. कोनं कापली का मालूम. तेबी बुजवून देली."

त्याला सगळं सांगावं लागलं. तेव्हापासून गुरुजी, मी आणि तो, असे आम्ही तिघं झालो. गुपित कळलेल्या माणसाला बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेतलेलं बरं.

*

प्रयोगाआधी गुरुजी दहा मिनिटं बोलतात. ही हातचलाखी आहे, यात दैवी काही नाही, कुणी असं काही सांगून तुमच्याकडून काही मागत असेल तर त्याला पोलिसांत द्या, वगैरे. आवाज अजून वर्गातलाच आहे, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मला सुरुवातीला वाटायचं, या भाषणानं खेळाची मजा जाते.

मजा जात नव्हती. उलट व्हायचं. एकदा मोरगावच्या पलीकडच्या एका खेड्यात प्रयोग संपल्यावर एक म्हातारबुवा सरळ माझ्या पायाशी वाकायला लागले. गुरुजी धावले, त्यांना उठवलं आणि जरा चिडूनच म्हणाले, अहो, मी एवढा वेळ घसा कोरडा केला, या माणसात काही शक्ती नाही म्हणून.

म्हातारबुवांनी गुरुजींनाच समजावलं, "खऱ्या मानसाचे लोकं 'शक्ती नाही' असंच मनत असतेत गुरुजी. खोटा असता तर 'आहे' मनला असता."

 तरी पुढच्या गावात गुरुजींनी भाषण तसंच केलं, उलट दोन मिनिटं जास्तच.

*

एकदा मला वाटलं, नावं फार झाली, आता जन्मतारीख ओळखावी. एका गावात मी पाच ज्येष्ठ मंडळींना ओळीनं बोलावलं. पहिल्यांची चिठ्ठी पाकिटात गेली. मी कपाळाला हात लावून म्हणालो, एक जुलै. बरोबर. टाळ्या.

दुसऱ्यांची चिठ्ठी. तिच्यावरही एक जुलै. म्हटलं, योगायोग. सांगून टाकलं. टाळ्या जरा कमी झाल्या. तिसऱ्यांची चिठ्ठी बघितली, तर तिथंही एक जुलैच. जुन्या काळी मुलाला शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर एक जुलै टाकून मोकळे व्हायचे. दुकानात मी स्वतः रोज पाच-पन्नास एक जुलै टाइप करतो, आणि हे मला त्या व्यासपीठावर आठवलं!

चौथ्यांनाही एक जुलै सांगितल्यावर मागून एक बाई शांतपणे म्हणाली, "हा तं सगळ्यायले एकच सांगून राहिला."

आयुष्यात इतकं बरोबर सांगून इतका खोटा मी कधी पडलो नाही. पाचव्यांना मी नमस्कार करून खाली बसवलं.

*

दुकानात फॉर्म भरायला येतात त्यातल्या काही जणांचं खरं काम वेगळंच असतं. ते इकडंतिकडं बघत थांबतात, गर्दी ओसरू देतात आणि मग हळूच विचारतात. एक बाई मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याचा पासपोर्ट साइजचा फोटो घेऊन आल्या. म्हणाल्या, बाकी काही नको, पोरगा दारू पितो का तेवढं याच्या मनातून बघून सांगा.

मी म्हटलं, बाई, त्याला माझी गरज नाही. त्याच्या गावच्या पानठेल्यावर सहज जाऊन उभ्या राहा.

पंधरा दिवसांनी त्या पेढे घेऊन आल्या. लग्न ठरल्याचे असतील म्हणून मी अभिनंदन केलं. तर म्हणाल्या, मोडल्याचे आहेत.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, तू खरं सांगितलंस ते चांगलंच केलंस, पण पेढे तिनं पानठेल्यावर नाही दिले, तुला दिले, हे लक्षात ठेव.

*

कॉलेजच्या गॅदरिंगमधला एक किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण त्यात मी हरलो आहे.

एका तरुणाला वर बोलावलं. मनाच्या जवळच्या माणसाचं नाव लिही म्हटलं. पोरं खाली ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. त्यानं जरा थांबून लिहिलं आणि पाकिटात सारलं. मी बघितलं. मुलीचं नाव होतं. त्या नावाची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या लग्नाचे कागद आठवड्यापूर्वी माझ्याच दुकानात तयार झाले होते. लग्न दुसऱ्या कुणाशी होतं.

नाव माझ्या जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर हॉल डोक्यावर घेतला असता लोकांनी. मी त्या पोराकडे बघितलं. त्याला वाटत होतं की ही चिठ्ठी कुणी वाचलेली नाही, आणि तरी तो घाबरलेला होता.

मी मुद्दाम एका मुलाचं नाव घेतलं. त्यानं मान हलवली, चूक. दुसरं घेतलं, तेही चूक. मग हात जोडून म्हटलं, आज नाही जमत. हॉलमध्ये हुर्यो उडाली. खाली उतरल्यावर शालिक म्हणाला, शिवण तर नीट होती ना? मी म्हटलं, होती.

त्या रात्री मला फार वाईट वाटलं, हरल्याचं नाही. दुसऱ्याच्या मनातलं वाचायचा हक्क मला कुणी दिला, याचं. मी महिनाभर पाकीट कपाटात ठेवलं होतं.

*

आता भागरताबाईंचं सांगतो.

त्या शालिकच्याच गावच्या, साठीच्या. त्यांच्या गावच्या मंडईत मी एखाद्या बाईनं पुढं यावं म्हटलं तेव्हा कुणी उठेना, शेवटी या उठल्या. पदर खोचून, पेन मुठीत धरून त्यांनी मोठ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. मी माईकवर सांगितलं, तेजराम.  त्यांनी नुसती मान हलवली आणि जागेवर जाऊन बसल्या. गर्दीत मात्र एकदम शांतता पसरली, टाळीसुद्धा उशिरा आली.

ती शांतता का, हे शालिकनं नंतर सांगितलं. तेजराम त्यांचा थोरला. बापाशी कडाक्याचं भांडण करून तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. फोन नाही, निरोप नाही. बापानं तेव्हाच जाहीर केलं की या घरात त्याचं नाव निघालं तर मी घरचं पाणी पिणार नाही. म्हातारा शब्दाचा पक्का, त्यामुळं धाकटा मुलगा, सून, नातवंडं, सगळे गप्प.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भागरताबाई दुकानात आल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, गर्दी जाऊ दिली, झेरॉक्सचा एक वाया गेलेला कागद फाडून त्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, सांगा. मी पाकीट काढलं. तेजराम, म्हटलं. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि गेल्या.

नंतर दर बाजाराला हे सुरू झालं. पहिल्यांदा मला गंमत वाटली. चौथ्या वेळी त्यांनी लाखोळीची डाळ आणली, घरची. मी नको नको म्हणत होतो, त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि निघून गेल्या. तो डबा बघून मला पुढचं दिसायला लागलं. आज ना उद्या ही माउली विचारणार, तेजराम कुठं आहे, जिवंत आहे ना, येईल ना. तिच्या दृष्टीनं ज्याला नाव कळतं त्याला गावही कळलं पाहिजे.

गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, आज डाळ आणली, उद्या नारळ आणेल, परवा तुझा फोटो देव्हाऱ्यात लावेल. थांबव.

मी विचारलं, कसं थांबवू? शक्ती नाही म्हटलं तर लोक जास्तच मानतात, हे तुम्हीच बघितलंय.

 गुरुजी म्हणाले, "पाकीट उघडून दाखव तिले. मी सोडलो तुले त्या बोलातून."

पुढच्या बाजाराला दुपारी लाइट गेली होती, मशीन बंद, दुकानात आम्ही दोघंच. भागरताबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी कागदाला हात घालायच्या आधीच मी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. म्हटलं, माय, मला मनातलं काही कळत नाही. हे बघा. पाकीट उलगडलं, आतला कप्पा बाहेर ओढला, फट दाखवली. तुम्ही इकडून चिठ्ठी सारता आणि मी तिकडून वाचतो, एवढंच आहे. तेजराम कुठं आहे ते मला माहीत नाही, कधीच माहीत होणार नाही. मी तुम्हाला फसवलं, माफ करा.

 हे बोलताना कुणाच्या तरी घरातला दिवा मी आपल्या हातानं विझवतोय असं वाटत होतं.

त्यांनी पाकीट जवळ घेतलं. फटीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, शिवन चांगली आहे.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले मालूम होतं जी. मंडईतच दिसलं. पाकीट ठेवताना तुमी खाली पायलं."

मी विचारलं, "मंग माय, दर बाजाराले येता कायले?"

"तीन वर्स झाले, घरी त्याचं नाव कोनी घेत नाही. मी बी नाही घेत." त्यांनी पदरानं पाकिटावरची धूळ पुसली. "तुमी घेता."

त्यांनी कागद फाडला, पेन मुठीत धरलं, सावकाश लिहिलं. चिठ्ठी पाकिटात बरोबर बाजूनं सारली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"जरा मोठ्यानं घ्या जी आज," त्या म्हणाल्या. "लाइट नाही, मशीनचा आवाज नाही."

मी पाकीट खिशात ठेवलं. या वेळी खाली बघितलं नाही. डोळे मिटले, कपाळाला हात लावला, आणि समोरच्या हॉटेलातली माणसं मान वळवून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "तेजराम."