हाताला कळणारं पाणी

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं आणि आमच्या कॉलनीतलं पाणी पळालं. भोपाळहून ऑफिसं आली, माणसं आली, घरोघरी भाडेकरू झाले; नळाला मात्र तीच करंगळीएवढी धार. मग जो तो बोअर मारायला निघाला.

बोअरची जागा शोधायची ती नारळानं. आडवा नारळ तळहातावर ठेवून अंगणात फिरायचं. तो उभा झाला की खाली पाणी. आमच्या ह्यांच्या हातावर नारळ उभा व्हायचा. आधी आमच्या अंगणात पाणी लागलं, मग शेजारीपाजारीही लागत गेलं. सुरुवातीला हे घाबरत घाबरत देवाचं नाव घ्यायचे, तिथंच नारळ फोडायचे. पुढं ते सुटलं. "माझ्या हाताले पाणी कळते," असं चहा पिता पिता सांगू लागले. मी म्हणायची, जरा देवालाही श्रेय द्या. तर म्हणे, देव काय अंगणात फिरते का? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या! आणि त्याहून जास्त भीती वाटायची, देवानं एक दिवस हात काढून घेतला तर?

मागच्या गल्लीतल्या वहिनी विधवा. भोपाळहून एकट्या आलेल्या बाबू लोकांचे डबे करून घर चालवायच्या. पाणी नाही तर डबे बंद. ह्यांनी त्यांना तुळशीपाशी जागा दाखवली, वर छातीठोक सांगितलं, इथं नाही लागलं तर नाव बदलून टाकीन. सकाळी बोअरची गाडी लागली. दुपार झाली तरी नुसती धूळ. वाळत घातलेले कपडे, तुळस, हे, सगळे पांढरेफटक. गाडीवाला भैया म्हणाला, अब रॉड निकाल लेते हैं, दीदी. वहिनी ओट्यावर मटकन बसल्या. दुसरी बोअर त्यांच्याच्यानं होणारी नव्हती.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या लोकांत ह्यांनी चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटले. मग गाडीवाल्याला म्हणाले, भैया, एक रॉड और नीचे डालो. ह्यांचा असा मागणारा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं धुळीचा रंग बदलला, चिखल उडाला आणि मग धो धो पाणी. वहिनी रडत रडत ह्यांच्या पाया पडायला वाकल्या. हे पटकन मागं सरले.

"माझ्या पाया काहून पडता, वहिनी? मीच वरच्याच्या पाया पडून राहिलो होतो."

सुटलो बाई एकदाचे, म्हणून मीही त्या चिखलात उभी राहून रडले.