निरोप न देता उमटलेली पट्टी

प्रयोगशाळेत तिला सगळे चौकसताई म्हणत. लिफ्ट बंद पडली तरी "वर जाताना अडकली की खाली येताना?" असं विचारणारी बाई, तिला दुसरं नाव काय पडणार? गुडघे मात्र कुरकुरायला लागले होते. म्हणून तिनं खरेदी विभागातली बैठी जागा मागून घेतली होती.

जायच्या तयारीत असतानाच नव्या अँटिबॉडीची कुपी आली. पेशीच्या अंगावर बाहेरचे निरोप घेणारे रिसेप्टर असतात. निरोप पोचला की रिसेप्टरला फॉस्फेट चिकटतं. ही अँटिबॉडी तेवढा फॉस्फेटवालाच रिसेप्टर धरणार, बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहणार नाही.

चौकसताईनं कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींच्या दोन बश्या उपाशी ठेवल्या, म्हणजे बाहेरचा कुठलाच निरोप त्यांना पोचणार नव्हता. मग एकीत वाढीचा निरोप देणारं प्रथिन घातलं, दुसरीत काहीच नाही. मग पेशींतली प्रथिनं कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवली; अँटिबॉडी जिथं चिकटेल तिथं त्यावर पट्टी उमटते. पहिलीची पट्टी काळीकुट्ट उमटली. आणि दुसरीचीही! फिकी, पण स्पष्ट.

"अँटिबॉडीच भलतीकडे चिकटतेय," विभागप्रमुख मॅडम वैतागल्या. "परत पाठवून द्या."

"पाठवू की. पण आधी खात्री तर करू."

तिनं दुसऱ्या बशीतल्या नमुन्यात फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम मिसळलं. पट्टी गायब! म्हणजे अँटिबॉडी खरं बोलत होती. फॉस्फेट तिथं होतंच. मग निरोप दिला कोणी?

जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बसचालक, पण बायकोच्या पेशींची खबरबात त्याला रोजची.

"तूच चुकून दोन्हीकडे थेंब टाकला असशील," तो म्हणाला. "आपल्या भाजीत मीठ दोनदा पडतंच की."

ती हसली, पण शंका डोक्यात घर करून बसली. तिनं नव्या बश्या घेऊन सगळं पुन्हा केलं. यावेळी नेहमीच्या दाट बश्यांसोबत विरळ पेशींची एक बशीही घेतली. थेंब न घातलेल्या दाट बशीत पट्टी पुन्हा आली, तशाच विरळ बशीत नाही.

आता तिचे डोळे चमकले. दाट बशीतल्या पेशी ज्यात बुडालेल्या होत्या ते पाणी तिनं विरळ पेशींवर ओतलं. मॅडमही स्टूल ओढून शेजारी बसल्या. पडद्यावर विरळ पेशींची पट्टी हळूहळू गडद होत गेली.

"अगं बाई! म्हणजे या पेशी स्वतःच ते निरोपाचं प्रथिन सोडतात?"

"तसंच वाटतंय. पण त्या प्रथिनाला अडवून बघू ना."

अडवल्यावर पट्टी उमटलीच नाही. मॅडमनी पडदा दोनदा उजेडाकडे धरला, मग म्हणाल्या, "मी तर कुपी परत पाठवायला निघाले होते. बरं झालं, तुम्ही अडून बसलात. तुमच्या बदलीचं खरेदीवाल्यांना काय कळवू?"

"थोडं थांबा म्हणावं. मला उंच खुर्ची मिळाली तर काम बसून होईल."

खुर्ची आली. इतर पेशींत हे घडतं हे आधी माहीत होतं. या गाठीच्या पेशींत मात्र कुणी पाहिलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस चौकसताई कमी-जास्त दाटीच्या बश्या लावत राहिली. दाटी वाढली की पट्टी गडद होई.

"पण गर्दी झाल्यावरच का सोडतात?" एका संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं.

"तेच कळत नाहीये ना!" ती आनंदानं म्हणाली आणि ताटातला घास तसाच ठेवून आता काय करून बघणार ते त्याला समजावायला लागली.