यसोधराच लिहा

"लिही तुझं नाव," गुरुजी म्हणाले.

पोरीनं खडू घेतला. टाचा उंचावून फळ्यावर लिहिलं, यसोधरा. मी वर्गाच्या दारात उभी होते, हातात गावच्या शाळेचा दाखला. गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे पाहिलं, आणि पोरांना हसायची परवानगी मिळाली.

"यशोधरा! श! तुमच्या लोकांच्या जिभेला हा श कधी वळायचा?"

त्यांनी तळहातानं दुसरं अक्षर पुसलं. शुद्ध लिही म्हणाले. तिनं लिहिलं. मोठ्यानं म्हण म्हणाले. तिनं म्हटलं, पण घाबरलेली जीभ सवयीच्या वाटेनंच गेली. यसोधरा. सगळा वर्ग खिदळला.

मी दारातूनच बोलले, "गुरुजी, तिच्या आईनं ठिवलेलं नाव हाय ते."

"मग तू कोण?"

"म्या दत्तक घेतली. जन्म दिलेली वारली."

"वारली ना? मग आता कुणाला विचारायचंय?"

आणि त्यांनी शाळेच्या कागदावर आपल्या मनाचं नाव लिहून टाकलं. दहा वर्षांची पोर मान खाली घालून मागच्या रांगेत जाऊन बसली. मी तशीच घरी आले.

कुणाला विचारायचंय? गयाला विचारायचं होतं.

गया म्हणजे माझ्या पोरीची आई. मोठ्या दुष्काळात कंधारकडं सडकेचं काम निघालं, तिथं आम्ही शेजारी बसून खडी फोडायचो. दोघी बौद्धवाड्यातल्या, पण गावं वेगळी. तिचा नवरा काम शोधायला गेला तो परतलाच नाही. माझी कूस उजवली नव्हती. तिची तान्ही लेक आम्ही दोघींनी आळीपाळीनं मांडीवर घेतली. कामावर पाण्याचा टँकर यायचा, तेव्हा आम्हाला भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. ओंजळ धरायची, वरून धार सोडायची. निम्मं पाणी कोपरावरून मातीत. माती तहानलेली होती तशी आम्हीही होतो, पण मातीचा विटाळ कुणाला होत नव्हता.

एका बाजाराला गया कंधारला गेली आणि पितळेचा पेला घेऊन आली. खायला नव्हतं आणि बाईनं पेला आणला! मी चिडले तिच्यावर. आमच्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव ठोकून घेतात, घरधन्याचं नाहीतर आहेर करणाऱ्याचं. गयानं त्यावर लेकीचं नाव ठोकून घेतलं होतं. दुकानदारानं विचारलं काय घालू, तिनं सांगितलं, त्यानं ऐकलं तसं ठिपक्याठिपक्यांनी घातलं. यसोधरा. गयाला वाचता येत नव्हतं. ती बोट फिरवून मला दाखवत होती.

"माझी लेक कुणाच्या धारंखाली ओंजळ धरायची न्हाई. तिचा पेला तिच्या नावाचा."

पुढच्याच महिन्यात हगवणीची साथ आली. गया दोन दिवसांत गेली. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. चार माणसांसमोर लेकरू माझ्या ओटीत आलं. गयानं मागं काय ठेवलं? एक फाटकं लुगडं, तो पेला आणि पोरीचं नाव. गावच्या शाळेत घातली तेव्हा मी पेलाच नेला होता. मास्तरनं पेल्यावरचं बघून नाव लिहिलं, काही बोलला नाही. भला माणूस.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या निघाल्या, माझ्या नवऱ्याला एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. आम्ही शहरात आलो. मला वाटलं, सुटलो. शहरात धार नसते म्हणे. शहरात शुद्ध असतं, हे मला माहीत नव्हतं. ज्यांनी आमच्या सावलीचा विटाळ मानला, तेच आता आमच्या लेकराचं नाव धुऊन शुद्ध करणार! संताप संताप झाला माझा.

त्या दिवशी पोर घरी आली ती रडतच. "माय, मला श लाव. लई हसून राहिले पोरं."

नवरा म्हणाला, "लाव की. कशाला हट्ट करून राहिलीस? त्या गुरुजीचं आन् आमच्या साहेबाचं घरचं जाणं-येणं हाय. माझी नवकरी नवी हाय."

त्याचं खोटं नव्हतं. त्या नोकरीवर आमची चूल होती. मी दोन दिवस विचार केला. मग विहारात गेले. भंतेजी हसून म्हणाले, "पालीत यसोधराच म्हणतात. जाऊन सांगा त्यांना."

घरी येऊन सांगितलं, तशी नवऱ्याची कळी खुलली. माझीही. पण शाळेच्या वाटेवर मनात आलं, गयाला पाली कुठं येत होती? उद्या एखाद्या बाईनं ठेवलेलं नाव कुठल्याच पोथीत सापडलं नाही, तर तिनं काय तोंड लपवायचं? पोथीच्या आडोशानं मला उभं राहायचं नव्हतं. आईनं ठेवलंय, एवढं पुरे. भंतेजींचं बोलणं मी गुरुजींना सांगितलंच नाही.

"जे पुसलं ते परत लिवा," मी म्हणाले.

"चूक लिहू? माझ्या हातानं?"

"नाव हाय ते. तुमच्या परीक्षेचा पेपर न्हाई."

"नाही लिहिलं तर?"

मी गुरुजींच्या खोलीच्या दारातच बसले. पदर खोचून, मांडी घालून. शिपाई आला, उठ म्हणाला. उठले नाही. मधली सुट्टी झाली, पोरं गोळा झाली. माझी पोर खांबाआडून बघत होती. गुरुजी बाहेर आले.

"बाई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू द्या. माझी पोर उभी व्हती तवाबी बघतच व्हते."

शाळा सुटायच्या आत त्यांनी कागदावर परत यसोधरा लिहिलं. मी वाकून वाचलं, एकेक अक्षर. सातवी शिकलेय मी. लेखणी आपटून ते म्हणाले, "पुढं प्रत्येक कचेरीत अडेल हे नाव. तेव्हा रडत येऊ नकोस."

"यायची न्हाई."

घरी जाताना पोरीनं विचारलं, "माय, उद्याबी हसतील का?"

"हाव. हसतील."

खोटं कशाला सांगू? हसतील, अडवतील, नवऱ्याची नोकरीही जाईल कदाचित. गेली तर मला खडी फोडता येते. नाव तिचं आहे. मोठी झाल्यावर तिला वाटलं, तर तिनं ते खुशाल बदलावं, त्या दिवशी मीच तिच्यासोबत कचेरीत जाईन. पण कुणी हसलं म्हणून नाही. रडत रडत तर नाहीच. तोवर जो कुणी त्या नावावर हात ठेवील, त्याच्या दारात मी बसलेली असेन.